सकाळचा रकाना

डॉक्टरीणबाईंनी वही फिरवली आणि पुढचा नंबर असलेल्या बाईंसमोर धरली. "बघा, वही ठेवावी तर अशी," त्या म्हणाल्या. त्या बाईंनी आधी वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि माझ्याकडे बघताना त्यांच्या चेहऱ्यावर जे कौतुक उमटलं ते अजून डोळे मिटले की मला दिसतं. "लोक चार दिवस लिहितात, पाचव्या दिवशी विसरतात," डॉक्टरीणबाई सांगत होत्या, "आणि माझ्याकडे यायचं म्हटलं की आदल्या दिवशी एका बैठकीत पानं भरून आणतात. त्यांना वाटतं, हिला काय कळतंय. एका पेनानं, एका लयीत लिहिलेलं लगेच ओळखू येतं हो. हे बघा, मधेच पेन बदललंय, मधेच शाई संपलीय, एका पानावर चहा सांडलाय. याला म्हणतात वही." माझे कान तापले. तो चहा मी मुद्दाम सांडला नव्हता, एवढं तरी मी स्वतःशी खरं म्हणू शकत होतो. बाकी डावीकडचा, ‘सकाळ’ असं लिहिलेला रकाना पहिले अकरा दिवस सोडले तर मी जवळजवळ तीन महिने मनानं भरला होता. उजवीकडचा ‘संध्याकाळ’चा रकाना बायकोचा होता आणि तो खरा होता. डॉक्टरीणबाईंनी दोन्ही रकान्यांवरून पेन्सिल फिरवत नेली. "सकाळ-संध्याकाळात फरक असा नाहीच. छाती स्वच्छ आहे, आत्ता फुंकलं तेही दोनशे साठ. तपकिरी पंप सकाळ-संध्याकाळ दोन-दोन वेळा ओढतेय ना? एकेकदा करू या. उगाच जास्त औषध कशाला द्यायचं पोरीला?" बायकोनं टेबलाखालून माझा हात दाबला. लग्नाला बारा वर्षं झाली, चारचौघांत तिनं माझा हात असा कधी धरला नव्हता. खुर्चीत पाय हलवत बसलेली भिंगरी, म्हणजे आमची दमा असलेली नऊ वर्षांची मुलगी, पाय हलवायची थांबली, एकदाच माझ्याकडे बघितलं आणि परत हलवायला लागली. मी म्हणालो, "थँक यू, डॉक्टर."

मी साबणाच्या कारखान्यात बॉयलर चालवतो. माझी बहुतेक दुसरी पाळी असते, दुपारी दोनला चढायचं. दर तासाला गेज वाचायची, वाफेचा दाब, पाण्याची पातळी, धुराचं तापमान, आणि लॉगशीटवर लिहायची. आठ तासांच्या आठ ओळी. कामाला लागलो तेव्हा पहिला महिनाभर मी घड्याळाकडे बघून उठायचो आणि एकेका गेजसमोर मान वर करून उभा राहायचो. आमचा वस्ताद, म्हणजे ज्याच्या हाताखाली मी शिकलो तो, खुर्चीत रेलून हसायचा. त्यानं मला लॉगशीट भरायला शिकवलं. पाळी संपायच्या आधी अर्धा तास बसायचं, दोन पेनं घ्यायची, मधेच एखादा आकडा खोडून वर नीट करायचा. "सगळे आकडे सारखे टाकलेस तर साहेबाला संशय येतो," तो म्हणायचा. "एखादा वाईट टाकावा. मग साहेब विचारतो, आपण उत्तर देतो, त्यालाही काम केल्यासारखं वाटतं, आपल्यालाही." वस्ताद वाईट माणूस नव्हता. बॉयलरचा आवाज जरा बदलला तरी तो जेवणावरून उठायचा. त्याच्या पाळीत कधी काही झालं नाही, माझ्याही झालं नाही. अठरा वर्षांत मला हे खोटं लिहिणं आहे असं वाटेनासं झालं होतं. लॉगशीट भरणं असंच त्याचं नाव होतं. एकदा मात्र वस्ताद सहज बोलून गेला होता, "गेज वाचायला काय लागतं रे? वाचल्यावर काहीतरी करावं लागतं, त्याचा वैताग." तेव्हा मी हसलो होतो.

आणि मला कळत नव्हतं असं म्हणायचीही सोय नाही. माझ्याइतकं त्या दवाखान्यात कुणाला कळलं नसेल. पहिल्या भेटीत डॉक्टरीणबाईंनी कागदावर एक गोल काढला, त्याच्या आत दुसरा गोल. ही श्वासनळी, असं त्या म्हणाल्या. दम्यात हिच्या भिंतीतले स्नायू आवळतात, आतलं अस्तर सुजतं, वर चिकट कफ साचतो. बाहेरून नळी आहे तेवढीच, पण आतली वाट अरुंद होते. मी म्हणालो, आमच्या बॉयलरच्या नळ्यांत क्षाराचा थर बसतो तसंच की. त्या खूश झाल्या. म्हणाल्या, "अगदी तसंच, फक्त तुमचा थर कायमचा बसतो, हा औषधानं उतरतो, आणि लक्ष दिलं नाही तर परत चढतो." मग त्यांनी ती प्लास्टिकची नळी दिली, पीक फ्लो मीटर. छाती भरून घ्यायची, ओठ घट्ट मिटून एकदम जोरात फुंकायचं, तीनदा, आणि सगळ्यांत मोठा आकडा लिहायचा. भिंगरीनं चांगल्या दिवशी दोनशे सत्तर काढलं होतं, म्हणून त्यांनी वहीच्या पहिल्या पानावर रंगीत पेन्सिलींनी आखून दिलं: दोनशे सोळाच्या वर हिरवं, खाली पिवळं, एकशे पस्तीसच्या खाली लाल. पिवळ्यात गेली की दम लगेच मोकळा करणारा निळा पंप द्यायचा आणि त्यांना फोन करायचा. "मुलीला विचारत बसू नका बरं वाटतंय का म्हणून," त्या म्हणाल्या होत्या. "अरुंद नळीची मुलांना सवय होते, ती म्हणतात बरं वाटतंय. मीटरला विचारा. आणि सकाळी विचारा, पंप घ्यायच्या आधी. नळ्या पहाटे जास्त आवळतात. दुपारी माझ्याकडे आल्यावर सगळ्यांच्या छात्या शहाण्या होतात." यातला शब्दन् शब्द मला पाठ आहे. घरी येऊन मीच बायकोला समजावून सांगितलं, हातवारे करून, वाफ, दाब, नळ्या, सगळं. भिंगरीनं मीटरचं नाव फुंकणी ठेवलं आणि आम्ही हसलो. बायको हॉटेलच्या लाँड्रीत आहे, तिला सकाळी सहाला निघावं लागतं. म्हणून सकाळ माझ्या वाट्याला आली.

अकरा दिवस मी इमानदारीत फुंकवून घेतलं. बाराव्या दिवशी आकडा एकशे नव्वद आला. मी म्हटलं, नीट फुंकलं नाहीस, परत कर. परत एकशे नव्वद. परत कर. एकशे ऐंशी. तिला खोकला यायला लागला. मी आवाज चढवला, "ओठ मिट ना घट्ट, हवा बाहेर सांडतेय." ती रडली, शाळेची गाडी खाली हॉर्न वाजवून निघून गेली, आणि मी तिला स्कूटरवरून सोडलं. रस्त्यात पाठीमागून ती म्हणाली, "बाबा, मला बरं वाटतंय. खरंच." घरी आल्यावर मी वही उघडली. आकडा पिवळ्यातला होता. लिहिला असता तर फोन करावा लागला असता, दवाखान्यात जावं लागलं असतं, पाळी चुकली असती. आणि याहून मोठं म्हणजे ती बरी होत नाहीये हे घरात कुणीतरी म्हणावं लागलं असतं. मी बायकोच्या रकान्यात पाहिलं. आदल्या संध्याकाळी दोनशे पन्नास. मी दोनशे तीस लिहिलं. दुसऱ्या दिवशी तिला म्हटलं, "कशी आहेस?" ती म्हणाली, "मस्त." दोनशे चाळीस. त्यानंतर मीटर डब्यातून सकाळी बाहेर निघालंच नाही. मी म्हणायचो, "कशी आहेस?", ती म्हणायची, "मस्त," आणि दोघं आपापल्या कामाला लागायचो. तिला वाटत असेल बाबांचा त्रास टळला, मला वाटायचं तिचा टळला. वही मात्र मी मन लावून भरायचो. तीन-चार दिवसांचे आकडे एकदम, दोन पेनं, संध्याकाळच्यापेक्षा दहा-वीस कमी, आठवड्यातून एखादा दोनशे वीस, म्हणजे वाईट पण हिरव्यातला. वस्तादानं पाहिलं असतं तर पाठ थोपटली असती. डॉक्टरीणबाईंनी थोपटलीच.

दवाखान्यातून आल्यावर तीन आठवडे गेले. त्या तीन आठवड्यांत मी सांगायचं ठरवलं नाही असा एक दिवस नव्हता. दवाखान्याचा नंबर मोबाईलमध्ये काढायचो, आणि काय बोलायचं याची जुळवाजुळव करताना मला स्वतःच्याच आवाजाची किळस यायची. डॉक्टर, जरा एक घोटाळा झालाय. घोटाळा कसला? डॉक्टर, काही दिवस राहून गेले. काही दिवस? मग मी फोन खिशात टाकायचो आणि उद्यापासून खरं फुंकवून घेऊ असं म्हणायचो. पण उद्या फुंकवलं आणि एकशे नव्वद आलं तर? दोनशे चाळीसच्या खाली एकदम एकशे नव्वद लिहिलं की सगळा रकाना उघडा पडणार. म्हणजे एका खोट्या आकड्यानं पुढच्या खऱ्या आकड्याची वाटच बंद केली होती. मी मीटरऐवजी तिच्याकडे बघायला लागलो. जिना चढताना ती मधल्या पायरीवर थांबून बुटाची नाडी बांधायची. नाडी सुटलेली नसायची. गोल फिरायची तिची सवय कमी झाली होती. बायको म्हणाली, "मोठी व्हायला लागलीय." तिची मैत्रीण घरी आली तेव्हा बायकोनं तिला वही दाखवली. "आमच्या ह्यांचं काम असं असतं बघ. बॉयलरवरची शिस्त." मी आत जाऊन पाणी प्यायलो. उगाच नळ सोडून उभा राहिलो, म्हणजे बाहेरचं पुढचं ऐकू येऊ नये.

फोन आला तेव्हा मी डबा भरत होतो, एक वाजून गेला होता. शाळेतल्या खेळाच्या बाईंचा. "ती जरा दमलीय, तुम्ही येता का?" त्यांच्या ‘जरा’मध्ये काय आहे ते मला लगेच कळलं. शाळेच्या ऑफिसात भिंगरी खुर्चीच्या कडेला पुढे वाकून बसली होती, दोन्ही तळवे गुडघ्यांवर, खांदे वर. गळ्याच्या खाली हाडांच्या मधली कातडी प्रत्येक श्वासाला आत ओढली जात होती. निळा पंप तिनं चारदा घेतला होता. मी "भिंगरी" म्हटलं, तिनं माझ्याकडे पाहिलं आणि हसायचा प्रयत्न केला. श्वास बाहेर सोडताना बारीक शीळ वाजत होती. बॉयलरवर असा आवाज आला असता तर मी धावलो असतो. शाळेच्या गाडीतून तिला हॉस्पिटलात नेलं. ड्रायव्हर सारखा आरशात बघत होता. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतो. आणि मला सांगायला लाज वाटते, पण सांगतो: त्या गाडीत, तिचा श्वास अडकत असताना, माझ्या मनात एकदा हेही आलं की वही घरी आहे, कुणी मागितली नाही तर बरं.

वही बायको घेऊन आली. लाँड्रीतून आधी घरी जाऊन वही घेतली आणि मगच हॉस्पिटलात आली, कारण डॉक्टरांना लागेल. तिच्या अंगाला गरम इस्त्रीचा वास येत होता. तोवर भिंगरीच्या तोंडावर मास्क लावला होता, त्यातून औषधाची वाफ सुरू होती, बोटाला चिमटा होता. डॉक्टरीणबाई आल्या, तिची छाती मागून-पुढून तपासली, मग पलंगाच्या कडेला बसून वही चाळायला लागल्या. "समजत नाहीये," त्या स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाल्या. "इतकं एकदम खाली यायचं कारण नाही. काल सकाळी दोनशे तीस. आज दोनशे चाळीस." आजचंही मी भरून ठेवलं होतं. मी पलंगाची लोखंडी दांडी धरून उभा होतो. आता बोल, असं मला कुणीतरी आतून ढोसत होतं आणि मी वहीच्या पानांकडे बघत होतो. डॉक्टरीणबाई भिंगरीकडे वळल्या. "बाळा, आज सकाळी फुंकणीत फुंकलंस ना?" भिंगरीनं माझ्याकडे पाहिलं. मग हात वर करून मास्क थोडा बाजूला केला आणि म्हणाली, "हो. बाबा… रोज घेतात…" तिनं श्वास घेतला. खांदे वर गेले, कातडी आत गेली. "तीन… वेळा."

सहा शब्द. त्यातला ‘हो’ तिला मास्क न काढता मान हलवूनही सांगता आला असता. पुरेसा श्वास नसताना तिनं मास्क काढून, तपशिलासकट, माझ्यासाठी खोटं सांगितलं. कधी शिकली ती हे? मी कधी तिला म्हटलं नव्हतं की सांगू नकोस. म्हणायची गरजच पडली नव्हती. दर तीन-चार दिवसांनी ती मला वही भरताना बघत होती आणि रोज संध्याकाळी आईला काही बोलत नव्हती, तीन महिन्यांहून जास्त. मी डॉक्टरीणबाईंना म्हणालो, "मास्क लावा तिचा. ती खोटं बोलतेय. मी घेत नव्हतो. सकाळचे सगळे आकडे मी मनानं लिहिलेत." माझा आवाज मोठा निघाला असावा, कारण पलीकडच्या पलंगावरच्या म्हातारबाबांनी मान वळवली. डॉक्टरीणबाईंनी आधी मास्क नीट लावला. मी शिव्यांची वाट बघत होतो. मला त्या हव्या होत्या. त्या म्हणाल्या, "कधीपासून?" मी सांगितलं. बाराव्या दिवसाचं एकशे नव्वदही सांगितलं. त्यांनी पेन्सिल काढली, डावा रकाना वरपासून खालपर्यंत एका रेघेनं छेदला, पान उलटलं, पुढचा छेदला, असं शेवटपर्यंत. "म्हणजे सकाळी खाली जात होती आणि मी औषध कमी केलं," त्या म्हणाल्या. "एका सकाळी तरी मी माझ्यासमोर फुंकवायला हवं होतं." त्यांनी स्वतःकडे घेतलं तो वाटा माझा होता.

दोन तासांनी भिंगरीचा श्वास खाली बसला, तिला झोप लागली, तेव्हा आम्ही बाहेरच्या बाकावर बसलो होतो. समोर पाण्याचं मशीन होतं, लोक येऊन ग्लास भरून जात होते. मी म्हणालो, "माझं चुकलं." ती म्हणाली, "मी कामावर मशिनीपाशी उभी असते ना, तेव्हा काळजी वाटली की मनातल्या मनात तुमचा रकाना आठवायचे. म्हणायचे, आज दोनशे चाळीस आहे, काही होत नाही." एवढं बोलून ती उठली आणि आत जाऊन बसली. त्यानंतर तिनं माझ्याशी कामापुरतंच बोलणं ठेवलं. भाजी काय आणू, गोळी दिली का, दार लावा. भांडली असती तर मी कुठंतरी टेकलो असतो.

तीन दिवसांनी भिंगरी घरी आली. औषध पहिल्यासारखं दोन-दोन वेळा सुरू झालं. निघताना डॉक्टरीणबाईंनी नवी वही दिली आणि ती माझ्याच हातात ठेवली. बायको म्हणाली, "मी पाळी बदलून घेते, सकाळी मीच बघेन." डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "नको, ह्यांनाच लिहू द्या. खोटा आकडा कसा असतो ते आता ह्यांच्याइतकं कुणाला माहीत आहे?" त्या हसत नव्हत्या. मी वही घेतली. वस्तादाचं काय म्हणणं पडलं असतं ते मला ठाऊक आहे, पण त्या वाटेनं विचार करायचाही मला धीर होत नव्हता. कारखान्यात गेल्यावर दर तासाला उठून गेज वाचू लागलो, हाताखालचे लोक एकमेकांना खुणावत होते, खुणावू देत.

पहिले चार दिवस आकडे दोनशे वीस-तीसच्या आसपास आले. पाचव्या दिवशी सकाळी बायको गेल्यावर मी भिंगरीला उठवलं, तोंड धुवायला लावलं, आणि ती खिडकीपाशी ताठ उभी राहिली. पहिल्यांदा फुंकलं, दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा. तिसऱ्यांदा शेवटी थोडा खोकला आला. मी पेन शोधायला वळलो. खिडकीची एक काच आत उघडलेली होती, तिच्यात मला भिंगरी दिसत होती. तिनं मीटरकडे पाहिलं, मग माझ्या पाठीकडे. मीटरचा काटा सरकता असतो, फुंकल्यावर जिथं जातो तिथंच थांबतो. बोटानं मागे घेतला की शून्यावर येतो, आणि बोटानंच पुढेही जातो. तिनं अंगठ्यानं काटा हळूच पुढे ढकलला आणि मीटर माझ्यासमोर धरलं. "दोनशे चाळीस," ती म्हणाली. "लिही बाबा."

मी तिच्यासमोर खाली बसलो. तिच्या डोळ्यांखाली अजून हॉस्पिटलची काळी छाया होती. मी विचारलं, "खरा किती होता?" पायाच्या अंगठ्यानं फरशीवरची रेघ घासत राहिली. मग म्हणाली, "कमी लिहिलं की आई तुझ्याशी अजूनच बोलणार नाही." तिच्या वयाच्या मुलीच्या डोक्यात या वेळी शाळेचा डबा असावा, नाहीतर कालचं भांडण. मी मीटर तिच्या हातून घेतलं, काटा शून्यावर आणला आणि म्हणालो, "परत फुंक. कितीही येऊ दे. मी ओरडणार नाही, आणि आईला मी सांगेन." तिनं फुंकलं. आम्ही दोघांनी डोकं डोक्याला लावून पाहिलं. एकशे ऐंशी. मी ते वहीत लिहिलं, पिवळ्या पेन्सिलीनं त्याच्याभोवती गोल केला, तिला निळा पंप दिला, डॉक्टरीणबाईंना फोन केला. त्यांनी काय करायचं ते सांगितलं आणि दहा वाजता घेऊन यायला सांगितलं. मग मी लाँड्रीत फोन लावला. बारा वर्षांत मी तिला कामावर एकदाही फोन केला नव्हता. तिला मशिनीवरून बोलवायला कुणीतरी गेलं, मागे मशिनी घरघरत होत्या, मग तिचा घाबरा आवाज आला, "काय झालं?"

"एकशे ऐंशी आलंय," मी म्हणालो. "पंप दिलाय. दहा वाजता घेऊन चाललोय. ती ठीक आहे, माझ्याशेजारी बसलीय."

पलीकडून मशिनींचा आवाज तेवढा येत होता. मग तिनं विचारलं, "खरं?"

मी ‘हो’ म्हणायला तोंड उघडलं आणि माझ्या लक्षात आलं की माझ्या ‘हो’चा तिला आता काही उपयोग नाही. मी फोन भिंगरीच्या कानाला लावला. ती फोन दोन्ही हातांनी धरून म्हणाली, "हो आई, एकशे ऐंशीच. आम्ही दोघांनी बघितलं."